काउंटी मैदानावर ठरू द्या

प्रति,
गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचे अध्यक्ष आणि वार्षिक काँग्रेसला (नियम ठरवणाऱ्या सभेला) जाणारे सर्व काउंट्यांचे प्रतिनिधी यांस

सप्रेम नमस्कार.

आंतरकाउंटी हर्लिंगमध्ये (आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ; काउंटी म्हणजे इथला जिल्हा) कोणी कोणत्या काउंटीकडून खेळावं, हा विषय तुमच्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. कधी एखाद्या गाजलेल्या ट्रान्सफरवरून वाद होतो, कधी दुबळ्या काउंट्यांनी खेळाडू आणायचे कुठून, ही चिंता असते. मला त्यात एकच गोष्ट सांगायची आहे. ज्या क्लबने खेळाडूला वाढवलं, त्या क्लबची काउंटी ती त्याची काउंटी. आईवडील कुठे जन्मले यावरून ती कोणाला मिळू नये आणि कोणाची अडूही नये.

मी मूळची साताऱ्याची. पश्चिम डब्लिनमधल्या एका क्लबात दहा वर्षांखालच्या मुलांना शिकवणाऱ्या पालकांमध्ये मी आहे. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण इथल्या मराठी आईवडिलांनीही ते वाचावं आणि आपापल्या क्लबात हा विषय काढावा अशी माझी इच्छा आहे. इंग्रजी मजकूर आमच्या क्लबच्या सचिवांकडे दिला आहे. 2022 च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये 45 हजारांच्या आसपास भारतीय नागरिक होते. त्याच जनगणनेत अख्ख्या लीट्रिम काउंटीची लोकसंख्या 35 हजारांच्या घरात भरली. तेव्हा आमची मुलं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली नाहीत. आणि त्यांच्यापैकी कोणाचे आजोबा टिपेररीकडून खेळले असण्याची शक्यता नाही.

मराठी वाचकांसाठी थोडं थांबून सांगते. हर्लिंग हा पंधरा-पंधरा जणांचा खेळ. हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची हर्ली, चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढा पण वजनाने हलका, त्याला श्लिटर म्हणतात. आंतरकाउंटी सामना सत्तर मिनिटांचा. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ऑल-आयर्लंड फायनलला, म्हणजे देशाच्या अजिंक्यपदाच्या सामन्याला, 82 हजार माणसं जमतात आणि त्यांच्यासमोर खेळणारा एकही खेळाडू पगारी नसतो. प्रवासखर्च मिळतो, सरकारकडून थोडं अनुदान मिळतं, बस. फायनल खेळलेला शिक्षक सुट्टी संपली की वर्गावर उभा राहतो, इलेक्ट्रिशियन आपली व्हॅन काढतो.

आपल्याकडे रणजी स्पर्धेत राज्यं बाहेरचा खेळाडू करारावर घेतात. मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळला, आणि 2017-18 व 2018-19 असे लागोपाठ दोन मोसम विदर्भाने रणजी करंडक जिंकला. त्यात गैर काहीच नव्हतं. करार होता, मोबदला होता, दोन्ही बाजूंना आपण काय देतो आणि काय घेतो हे ठाऊक होतं. हर्लिंगमध्ये करार नाही, लिलाव नाही, बोली नाही. मग चांगला खेळाडू उद्या उठून किलकेनीला का जात नाही? 2025 पर्यंत किलकेनीने 36, कॉर्कने 30 आणि टिपेररीने 29 ऑल-आयर्लंड विजेतेपदं मिळवली आहेत. जिंकायचंच असेल तर वाट उघड आहे. तरी तो जात नाही, कारण सहा वर्षांचा असताना त्याच्या हेल्मेटचा पट्टा ज्यांनी बांधला, ती माणसं त्याच्याच रस्त्यावर राहतात. पैसा जिथे माणसाला बांधत नाही तिथे हे नातं बांधतं. तुमच्या नियमपुस्तिकेनेही हे ओळखलं आहे. खेळाडूची निष्ठा कायम पहिल्या क्लबशी आणि त्या क्लबच्या काउंटीशी, असं ती मानते. या तत्त्वाच्या बाजूनेच मी लिहिते आहे.

1884 साली थर्ल्सच्या हेज हॉटेलात ही संघटना स्थापन झाली. 1887 च्या पहिल्या स्पर्धेत निवडलेले काउंटी संघ नव्हतेच. काउंटीत जो क्लब जिंकला तोच काउंटीतर्फे उतरला. फायनलमध्ये टिपेररी म्हणजे थर्ल्सचा क्लब, गॉलवे म्हणजे मीलिकचा. काउंट्यांच्या सीमा इंग्रजी प्रशासनाने आपल्या सोयीसाठी आखलेल्या होत्या. त्यांच्यात जीव आला तो क्लबांमुळे. काउंटी ही जन्मजात, मातीतून आपोआप उगवलेली गोष्ट आहे असं कोणी बोलू लागलं की मला ही पहिली फायनल आठवते.

माणसं तर तेव्हापासूनच हलत आली आहेत. 1901 ची ऑल-आयर्लंड स्पर्धा लंडनने जिंकली, कॉर्कला हरवून. लंडनमध्ये कामाला गेलेल्या आयरिश पोरांचा तो संघ. आज प्रत्येक हर्लिंगपटू ज्याची स्वप्नं बघतो तो करंडक लिअम मॅकार्थी यांच्या नावाचा आहे, आणि मॅकार्थी जन्मले लंडनमध्ये. त्यांनी तिथली काउंटी समिती सांभाळली, खेळ जगवला, म्हणून त्यांचं नाव करंडकावर आलं. जन्मस्थळ कोणी विचारलं नाही.

डब्लिनची गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती तुम्ही नीट बघावी. 1927 च्या विजेत्या डब्लिन संघात बाहेरच्या काउंट्यांतून राजधानीत नोकरीला आलेले गार्डा, म्हणजे पोलीस, मोठ्या संख्येने होते. 1938 साली डब्लिन पुन्हा जिंकलं, तेव्हा संघात मूळचा डब्लिनकर एकटा जिम बर्न होता. त्यानंतर डब्लिनला आजतागायत हर्लिंगची ऑल-आयर्लंड मिळालेली नाही. याला कारणं बरीच असतील. मला त्यातून दिसतं ते असं की तयार माणसं येत होती तोवर संघ उभा राहत होता, पण शहरातल्या गल्ल्यांमधून खेळाडू घडत नव्हते. ते घडू लागले उपनगरांतल्या क्लबांनी शनिवार सकाळच्या नर्सरी, म्हणजे लहान मुलांचे सराववर्ग, चालवायला घेतल्यावर. 2013 मध्ये डब्लिनने 1961 नंतर प्रथमच लेन्स्टर (पूर्वेकडच्या प्रांताची स्पर्धा) जिंकलं. त्या संघात टिपेररीचा रायन ओ'ड्वायर होता, गॉलवेचा नील कॉर्कोरन होता. दोघेही डब्लिनमध्ये राहत होते, किलमकड क्रोक्सकडून खेळत होते, आणि त्यांच्या भोवती इथेच वाढलेली पोरं होती. 2025 च्या क्वार्टर फायनलमध्ये डब्लिनने चौदा जणांनिशी लिमरिकला हरवलं, तेव्हा आमच्या क्लबच्या हॉलमध्ये कोणाला खुर्चीवर बसवत नव्हतं.

तेव्हा बाहेरचा खेळाडू येऊ नये, असं माझं म्हणणं नाही. त्याने यावं, राहावं, इथल्या क्लबकडून घाम गाळावा, मग काउंटीची जर्सी त्याची आहे. माझा आक्षेप वंशावळीच्या वाटेला आहे. आईवडिलांपैकी एकाच्या काउंटीकडून खेळण्याची सवलत नियमात मर्यादित स्वरूपात आहेच, दुबळ्या काउंट्यांना हात देण्यासाठी दिलेली. तिच्यामागचा हेतू चांगला आहे, पण मोजपट्टी चुकीची आहे. ती वाढवत नेण्याआधी जरा थांबा.

काही खेळाडूंची नावं घेते, तुम्हा सर्वांना ती पाठ आहेत. शॉन ओग ओ हॅल्पिनचा जन्म फिजीचा, आई रोटुमाची, वडील फर्मनाचे. लहानपण सिडनीत गेलं. कॉर्क शहरात आल्यावर ना पिअरसी क्लबने त्याला घडवलं, आणि 2005 साली त्याने कॉर्कचा कर्णधार म्हणून करंडक उचलून आयरिश भाषेत भाषण केलं. वंशावळीच्या हिशोबाने त्याची काउंटी फर्मना. वेक्सफर्डचा ली चिन, वडील मलेशियाचे. 2019 मध्ये वेक्सफर्डने लेन्स्टर जिंकलं तेव्हा कर्णधारपद त्याच्याकडे होतं, एका सहकाऱ्यासोबत. आणि झॅक मोरादी. इराकमधल्या रमादीजवळच्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला कुर्दी मुलगा, 2002 साली अकरा वर्षांचा असताना लीट्रिममधल्या कॅरिक-ऑन-शॅननला आला. हर्ली त्याने तिथेच पहिल्यांदा पाहिली. पुढे कुटुंब डब्लिनला आलं, तो टॅलामधल्या थॉमस डेव्हिस क्लबकडून खेळू लागला, पण आंतरकाउंटी खेळत राहिला लीट्रिमसाठीच. डब्लिनपासून कॅरिक दीडशे किलोमीटर आहे. सरावाला जायचं आणि यायचं. 2019 मध्ये लीट्रिमने जादा वेळेत लँकेशायरला हरवून लॉरी माहर करंडक (खालच्या श्रेणीची स्पर्धा) जिंकला आणि त्या दिवशी मोरादी क्रोक पार्कच्या गवतावर होता. काउंटीची निष्ठा म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी याच माणसाकडे बोट दाखवते. पेरेंटेज रूलने, म्हणजे आईवडिलांच्या काउंटीच्या सवलतीने, त्याला काय दिलं असतं? काहीही नाही. जे दिलं ते त्याला खेळ शिकवणाऱ्या गावाने दिलं.

आता माझ्या रोजच्या मैदानाकडे येते. उन्हाळ्यात चॅम्पियनशिप सुरू झाली की आमच्याकडे एका शनिवारी मुलं आपापल्या काउंटीची जर्सी घालून येतात. डब्लिनची आकाशी असतेच, शिवाय टिपेररीची निळी-सोनेरी, कॉर्कची लाल, किलकेनीची काळी-पिवळी. ती बाबांची काउंटी, आईची, आजोबांची. मला तो दिवस फार आवडतो. आमच्यातली क्रिकेटवर वाढलेली मुलं त्या दिवशी लगेच ओळखू येतात, पण जर्सीवरून नाही, पकडीवरून. उजव्या हाताने खेळणारा मुलगा बॅट धरतो तेव्हा डावा हात वर असतो. हर्लिंगमध्ये उजवा वर लागतो. मग आम्ही त्यांचे हात सोडवून पुन्हा नीट बसवतो, मनगट मोकळं करून देतो, चेंडू जमिनीवरून उचलून हातात कसा घ्यायचा ते दाखवतो, आणि पुढच्या शनिवारी डावा हात पुन्हा वर आलेला असतो. महिनाभर हेच चालतं. एक दिवस पोराची पकड आपसूक बरोबर बसते आणि श्लिटर खाडकन पोस्टवरून जातो. हे काम करणाऱ्यांत किल्डेरचा प्लंबर आहे, मेयोची नर्स आहे, पोलंडहून आलेला बस ड्रायव्हर आहे. कोणालाही एक युरो मिळत नाही.

आता या मुलांपैकी दोघांचा विचार करा. एकाचे वडील ऑफलीचे, आई वेस्टमीथची. दुसऱ्याचे आईवडील कोल्हापूरचे. दोघे एकाच क्लबात, एकाच बसने सामन्याला जातात, हर्लीसुद्धा एकमेकांची वापरतात. वंशावळीची सवलत वाढवत नेलीत तर पहिल्याला उद्या तीन दारं उघडी असतील आणि दुसऱ्याला एक. मला दुसऱ्या दाराची हाव नाही. कोल्हापूरच्या पोराला त्याचं एक दार पुरेसं आहे. पण नियमपुस्तिकेने जेव्हा आईवडिलांचं जन्मगाव मोजायला घेतलं, तेव्हा मैदानावर कोणीतरी त्याला विचारतं ना, 'तू खरा कुठला?', त्या प्रश्नाला संघटनेचा शिक्का मिळतो. ली चिनने मैदानावरच्या वर्णद्वेषाबद्दल जाहीरपणे बोलून दाखवलं आहे. तुम्ही त्याविरुद्ध ठाम भूमिका घेतलीत, शिक्षेची तरतूद केलीत. पात्रतेच्या नियमातही तीच भूमिका दिसू द्या.

एक गोष्ट मात्र क्लबच्या तत्त्वातही सुधारावी लागेल, आणि इथे मी भाडेकरूंच्या बाजूने बोलते. पहिला क्लब ही कल्पना अशा काळात रुजली, जेव्हा माणूस जन्मला त्या पॅरिशमध्येच (चर्चच्या पंचक्रोशीतच) घर करून राहायचा. आमच्यातली बहुतेक कुटुंबं भाड्याच्या घरात आहेत. घरमालक घर विकतो, भाडं झेपेनासं होतं, आणि बिऱ्हाड डब्लिनहून नेसला, नव्हनला किंवा ड्रॉइडाला हलतं. ही अडचण फक्त परदेशातून आलेल्यांची नाही, आयरिश कुटुंबंही याच चरकात आहेत. आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाला असंच हलावं लागलं. नव्या ठिकाणी कायम वास्तव्याचा पुरावा मागितला गेला. भाडेकरार दाखवला तर तो मुदतीचा आहे म्हणून शंका काढली. कागद फिरत राहिले आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा मोसमभर बाजूच्या रेषेवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा राहिला. त्या समितीतल्या माणसांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या हातातला नियम घरमालकांसाठी लिहिलेला होता, एवढंच.

नियमाचा आत्मा हरवला की काय होतं, हे 2012 साली गेलिक फुटबॉलमध्ये, म्हणजे याच संघटनेच्या दुसऱ्या खेळात, सगळ्यांनी पाहिलं. काउंटी बदललेल्या एका खेळाडूला नव्या काउंटीत क्लब चॅम्पियनशिपचा सामना खेळलेला असणं आवश्यक होतं. म्हणून तो फुटबॉलपटू एका हर्लिंग क्लबकडून मैदानात उतरला आणि काही मिनिटांत बाहेर आला. कलम पूर्ण झालं. त्या खेळाडूला त्यासाठी फार सोसावं लागलं, म्हणून त्याचं नाव मी घेत नाही. दोष माझ्या मते नियमाचा होता. नियमाने हजेरी मागितली, सहवास मागितला नाही.

माझ्या सूचना अशा आहेत. पहिला क्लब ठरवताना पहिल्या नोंदणीचा कागद बघू नका. आठ ते सोळा या वयात मूल ज्या क्लबात सर्वाधिक वर्षं खेळलं, तो त्याचा क्लब माना. डब्लिनच्या नर्सरीत सहाव्या वर्षी नाव घातलं आणि नंतर सगळं बालपण मीथमध्ये गेलं, तर तो मुलगा मीथचा आहे. मोरादीच्या बाबतीत जे घडलं ते नशिबाने घडू नये, नियमाने घडावं. वास्तव्याच्या पुराव्यात भाडेकरार आणि शाळेचं पत्र यांना घराच्या मालकीइतकंच वजन द्या, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाचा अर्ज निकाली निघेपर्यंत त्याला नव्या क्लबात खेळू द्या.

दुबळ्या काउंट्यांचं काय, हा प्रश्न राहतो आणि तो खरा आहे. लीट्रिमला पंधरा हर्लर उभे करायला काय यातायात पडते ते तिथल्या प्रतिनिधींना मी सांगायला नको. म्हणून सवलत काढून टाका असं मी म्हणत नाही, तिची अट बदला. खालच्या श्रेणीतल्या काउंटीकडून, म्हणजे क्रिस्टी रिंग, निकी रॅकर्ड, लॉरी माहर या स्पर्धांत, ज्याला खेळायचं आहे आणि त्या मोसमात जो मॅकार्थी करंडकाच्या कोणत्याही संघात नाही, त्याच्याकडून सलग दोन मोसमांची लेखी हमी घ्या आणि त्या काउंटीतल्या मुलांच्या शिबिरात काही दिवस शिकवण्याची अट घाला. मग त्याचे आईवडील लीट्रिमचे असोत की लातूरचे. ज्याचे आजोबा खरोखर तिथले आहेत, तो आनंदाने ही अट पाळेल. ज्याला नुसती जर्सी हवी आहे, तो अर्जच करणार नाही. आणि वरच्या श्रेणीतल्या काउंट्यांना अशी कोणतीही वाट मिळू नये. 36 विजेतेपदं असलेल्या काउंटीला सवलतीची गरज नाही.

भावनेचा मुद्दा मला ठाऊक आहे. थर्ल्स सोडून तीस वर्षं झालेल्या बापाला मुलाने टिपेररीकडून खेळावं असं वाटतं, ते मला कळतं. मी स्वतः घरापासून सात-आठ हजार किलोमीटर लांब आहे. त्याने मुलाला टिपेररीची जर्सी घालावी, थर्ल्सच्या सेम्पल स्टेडियमला न्यावं, तिथली गाणी शिकवावीत. जर्सी घालायला नियम लागत नाही. संघात घ्यायला लागतो, आणि संघातली ती जागा थर्ल्समध्ये रोज सरावाला येणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाची आहे.

निष्ठेची मोजपट्टी चुकली तर ती बदलायची हिंमत या संघटनेने याआधी दाखवली आहे. परकीय खेळ खेळणाऱ्याला आणि बघणाऱ्यालाही सभासदत्व गमवावं लागे, त्यात सॉकर (नेहमीचा फुटबॉल) आणि रग्बीबरोबर क्रिकेटही होतं. 1938 मध्ये डग्लस हाइड यांच्यासारखा माणूस, आयरिश भाषेसाठी आयुष्य दिलेला आणि त्या वेळी देशाचा राष्ट्राध्यक्ष, सॉकरचा सामना पाहिला म्हणून आश्रयदाते पदावरून काढला गेला. ती बंदी 1971 मध्ये उठली. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांना आणि ब्रिटिश सैनिकांना सभासदत्व नाकारणारा नियम 2001 मध्ये गेला. दोन्ही वेळा अनेकांना वाटलं होतं की आता निष्ठा संपली. क्रोक पार्क आजही भरतं, आणि क्रिकेट खेळून आलेली आमची पोरं आज तुमच्या क्लबात आहेत ती त्या 1971 च्या निर्णयामुळे.

यंदाच हे मांडण्याला आणखी एक कारण आहे. जीएए (म्हणजे तुमची गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन), लेडीज गेलिक फुटबॉल आणि कॅमोगी (मुलींचं हर्लिंग) या तीन संघटना एकत्र आणण्यासाठी 2027 चं उद्दिष्ट ठेवलेलं आहे. नियम एकत्र जुळवायला घेतले की पात्रतेचं प्रकरण उघडावं लागेलच. ते एकदा लिहून झालं की पुढची कित्येक वर्षं त्याला कोणी हात लावणार नाही. आमच्या क्लबातल्या मुलीही तेव्हा त्याच नियमाखाली येतील.

वर लिहिलेल्या सूचना ठरावाच्या रूपात मी आमच्या क्लबच्या वार्षिक सभेत मांडणार आहे. तिथे मंजूर झाल्या तर त्या डिसेंबरच्या काउंटी कन्व्हेन्शनला जातील आणि तिथून तुमच्यापर्यंत पोहोचतील. काँग्रेसमध्ये 60 टक्के मतं लागतात, ती मिळवणं सोपं नाही. म्हणून आत्ताच विनंती करते: तुमच्या काउंटीत दहा वर्षांखालच्या मुलांना शिकवणाऱ्या कोणाशीही या विषयावर बोला, आणि सूचनांमध्ये काही चुकत असेल तर सभेआधी आमच्या क्लबला कळवा. शब्द बदलायला आम्ही तयार आहोत. आयर्लंडमधल्या मराठी पालकांना एवढंच सांगते की वार्षिक सभेत मत द्यायला क्लबचं पूर्ण सभासदत्व लागतं. मुलाची नोंदणी केली म्हणून तुम्हाला मताचा अधिकार मिळाला असं धरून चालू नका. स्वतःची नोंदणी वेळेत करून घ्या.

आपली नम्र,
पश्चिम डब्लिनमधील एक क्लब सभासद